दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच

सहाव्या किलोमीटरनंतर शिंपिणीने अंतर मोजणं सोडून दिलं. कालव्याच्या कडेने मातीची वाट सरळसोट जात होती. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला तारेचं कुंपण आणि पलीकडे कुणाचं तरी कोबीचं शेत. तिच्या डाव्या टाचेला फोड आला होता. हवालदार दोन पावलं पुढे चालत होता. सकाळचे साडेसात वाजले होते, अकराला तिची साक्ष होती आणि कोर्ट अजून आठ किलोमीटर लांब होतं.

"सावकाश," तो मागे न बघता म्हणाला.

"सावकाशच चाललेय. याहून सावकाश चालले तर निकाल लागल्यावर पोचेन."

खात्यात त्याचं नावच 'सावकाश' पडलं होतं. साहेब ओरडले तरी हा म्हणणार, सावकाश. दार उघडायचं तर सावकाश, जिना उतरायचा तर सावकाश. वीस वर्षांच्या नोकरीत एकदाच बढती मिळाली होती, तीही म्हणे सावकाशच आली. त्याचे वडील शाळेत शिपाई होते. याला चित्रकलेचा मास्तर व्हायचं होतं. पण ज्या वर्षी जागा निघाल्या त्या पोलिसांत निघाल्या, म्हणून हा पोलीस झाला. लग्नाचं वय आईच्या आजारपणात गेलं. आई गेली तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि मग कुणी विचारलं नाही, यानेही कुणाला विचारलं नाही. हे सगळं त्याने तिला एका दिवशी सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांत, भाजी चिरता चिरता, तुकड्यातुकड्याने सांगितलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या दुकानासमोरचं गोदाम जळालं आणि आतला राखणदार मेला. गोदाम-मालकाचा धाकटा भाऊ, गावातलं बडं प्रस्थ, म्हणत होता की आपण त्या दिवशी गावातच नव्हतो. शिंपीण खिडकीपाशी सुईत दोरा ओवत होती. समोर एक माणूस गोदामाच्या दाराला बाहेरून कुलूप लावून चालू लागलेला तिने पाहिला. थोड्या वेळाने धूर आला. तोंड तिला दिसलं नाही, पाठ दिसली. पण आठवड्यापूर्वीच या भावाच्या कोटासाठी तिने त्या पाठीचं माप घेतलं होतं. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. कोटात तिने आतून भर घालून तो सारखा केला होता. त्या दिवशी मात्र तो नुसत्या शर्टात होता आणि खांदा देवाने दिला तसा होता. पोलिसांपुढे तिने एवढंच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानाची काच फुटली. तेव्हापासून ती परक्या गावात दोन खोल्यांत राहत होती. बाहेरच्या खोलीत हवालदार, आतल्या खोलीत ती, आणि वरच्या मजल्यावर घरमालकीण मावशी.

मावशींना सांगितलं होतं की हे बहीणभाऊ. शिंपीण त्याला 'दादा' म्हणायची. पण हवालदाराची जीभ काही वळेना. तो तिला "अहो, जेवून घ्या," म्हणायचा. मावशी एकदा जिन्यातून वाकून म्हणाल्या, "बहिणीला अहोजाहो करणारा भाऊ मी जन्मात पहिल्यांदा बघितला बाई. आमचा तर लाथ मारून उठवायचा."

"लहानपणापासून तसाच आहे तो," शिंपीण म्हणाली आणि आत जाऊन दार लावून हसली. खोटं बोलल्याबद्दल रात्री देवाची क्षमाही मागितली. हसल्याबद्दल मात्र मागितली नाही.

शिलाई मशीनला बंदी होती. शोधणारे शिंपिणीलाच शोधत असणार, आणि मशीनचा आवाज दोन घरं पलीकडे जातो. बावीस वर्षं रोज चाललेले हात दोन महिने रिकामे राहिले, तर ते शिवशिवणारच. तिने मावशींच्या उशांची बटणं लावली, पडद्यांच्या कडा दुमडल्या, आणि मग शिवायला काही उरलं नाही. उरला तो दांडीवर वाळत घातलेला हवालदाराचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. साध्या कपड्यांत राहायचं म्हणून त्याला खात्याकडून मिळालेला, पोत्यासारखा ढगळ. तो घातला की भला उंचापुरा माणूस बुजगावण्यासारखा दिसायचा. रोज डोळ्यांसमोर ते बघणं तिच्या जिवावर यायचं. माप घ्यायची तिला गरजही नव्हती. दोन महिने समोर वावरणाऱ्या माणसाचं माप शिंपिणीच्या डोळ्यांत आपोआप बसतं.

परवा तो वर मावशींचा नळ दुरुस्त करायला गेला तेव्हा तिने शर्ट उलटा केला, जुनी शिलाई उसवली आणि दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत घेतला. हाताने घातलेली शिलाई होती, पण मशीनच्या तोडीची. त्याने काल दुपारी घाईघाईत तो चढवला, वर जाकीट घातलं आणि पाव आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. ऊन लागलं म्हणून जाकीट काढून हातावर घेतलं आणि खालच्या फळीवरचा पाव उचलायला वाकला. शर्ट अंगाला चिकटून ताणला गेला आणि कमरेचं पिस्तूल, मुठीसकट, छापल्यासारखं उमटलं. शेजारी उभा असलेला एक माणूस त्याकडे बघतच राहिला. मग स्वतः घेतलेलं सामान तिथेच ठेवून बाहेर पडला. बाहेर राखाडी जीप होती.

हवालदार परत आला, पाव टेबलावर ठेवला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बाई, हा शर्ट ढगळ होता तो का, ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

ती सुईदोरा घ्यायला उठली. "मी उसवून देते. आत्ता देते."

"आता उसवून काय उपयोग." त्याने शर्टाची शिवण चाचपली. "फिटिंग मात्र छान झालंय. एवढं नीट बसलेलं आजवर मला काही मिळालं नव्हतं."

ती रडली नाही, पण त्याने रागावण्यापेक्षा हे तिला फार अवघड गेलं.

त्याने फक्त आपल्या साहेबांना फोन केला. नऊ वाजता न्यायला येणारी गाडी ठरल्याप्रमाणे यावी, रिकामीच जावी. कुणी वाट अडवून बसलं तर त्या गाडीची अडवेल. हे दोघं उजाडता उजाडता कालव्याने निघतील. निघताना ती म्हणाली होती, दुसरा शर्ट घाला ना. तो म्हणाला, "हाच बरा." का, ते तिला तेव्हा कळलं नव्हतं.

आठव्या किलोमीटरला पंपघर लागलं. सावलीत बसून तिने टाचेला चिंधी बांधली. हवालदार पाठ भिंतीला लावून उभा राहिला. दार असो वा रस्ता, तो कधी पाठमोरा बसायचा नाही.

"मघापासून विचारायचंय," ती म्हणाली. "माझ्याआधी कुणाला सांभाळलं होतं?"

"एका ड्रायव्हरला."

"मग?"

"पाच मिनिटांत येतो म्हणाला, सिगारेट आणायला. चांगला माणूस होता. सारखा कोंडून राहून कंटाळला होता. मी म्हटलं, जा." तो कालव्याकडे बघत राहिला. "तेव्हा मी सावकाश नव्हतो. नाव नंतर पडलं."

तिने चिंधीची गाठ पक्की केली आणि उठली.

अकराव्या किलोमीटरला मोठा रस्ता पुलावरून कालवा ओलांडत होता. पुलाखाली पायऱ्या होत्या आणि पाच-सहा बायका कपडे धूत होत्या. हवालदार एकदम थांबला नाही. चालता चालता नुसता हळू झाला.

"वर बघू नका. पुलावर राखाडी जीप आहे. दोघं कठड्याला टेकलेत."

गाडीच्या वाटेवर डोळे ठेवणारे या पुलावरच थांबणार हे खरं तर कळायला हवं होतं. रस्ता एकच.

"तुम्हाला त्यांनी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "तुमचं नुसतं वर्णन त्यांच्याकडे असेल. माझा हा शर्ट मात्र एकाने काल नीट बघितलाय. डोक्याला रुमाल बांधा आणि त्या बायकांत जाऊन बसा. जीप गेली की याच वाटेने सरळ. तीन किलोमीटर. कोर्टाच्या फाटकावर आमची एक महिला शिपाई असेल, डाव्या गालावर तीळ. तिच्याखेरीज कुणाशी बोलायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी येतो. सावकाश."

त्याने जाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि चढण चढू लागला. तिने शिवलेला शर्ट पाठीवर, कमरेवर जिथल्या तिथे बसला होता, आणि उजव्या बाजूचं पिस्तूल आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यासाठीच तो तसा चालला होता.

शिंपीण पायऱ्या उतरली. एका म्हातारीपुढे ओल्या चादरींचा ढीग होता. "आजी, जरा बसू का?"

"बसायला ही काय बाग आहे? बसायचं तर पीळ."

तिने चादरीचं एक टोक धरलं. म्हातारीने दुसरं धरलं. दोघी विरुद्ध बाजूंना पिळू लागल्या आणि पाणी पायांवर पडत राहिलं. वर पुलावर कुणी तरी हाक मारली. मग जीपचं दार लागलं, एकदा, पुन्हा एकदा. इंजिन सुरू झालं. शिंपिणीने मनात देवाचं नाव घेतलं. काही मागितलं नाही. काय मागायचं तेच तिला सुचेना. नुसतं नाव घेत राहिली आणि चादर पिळत राहिली.

"अगं फाडशील," म्हातारी म्हणाली. "कोरडीठाक झाली की. सोड आता." मग वर न बघताच, आवाज उतरवून म्हणाली, "गेली ती गाडी. बाजाराच्या अंगाला वळली. तू ऊठ, मुली."

शेवटचे तीन किलोमीटर कसे गेले ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. तीळवाली शिपाई भेटली, पाणी मिळालं, बाक मिळाला. पावणेअकरा झाले, अकरा झाले. प्रत्येक येणाऱ्याच्या पायांकडे ती बघत होती. पुकारा झाला तरी तो आला नव्हता. जिवंत आहे की नाही तेही कुणी सांगेना.

एकदा वाटलं, म्हणावं की मला आज जमणार नाही, आधी मला त्या माणसाचं सांगा. मग तिला राखणदाराची बायको दिसली, पहिल्या बाकावर, मांडीवर हात ठेवून बसलेली. शिंपीण पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. देवाला स्मरून शपथ घेतली, आणि सरकारी वकिलाने विचारलं ते सांगू लागली.

"तोंड पाहिलंत?"

"नाही. खांदा पाहिला."

मागे कुणी तरी खुदकन हसलं. तिने लक्ष दिलं नाही. गिऱ्हाइकाला समजावून सांगतात तसं तिने सांगितलं, की माणसाचे दोन खांदे क्वचितच सारखे असतात, पण दोन बोटांचा फरक बावीस वर्षांत तिने या एकाचाच पाहिला. कोटाच्या आत किती भर घातली, कुठे टाका घातला, सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी पोलिसांनी जप्त केलेला कोट मागवला, आतलं अस्तर उसवायला लावलं. भर तिथेच होती. आता कुणी हसलं नाही.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. हवालदार आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, एक बाही उसवलेली. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. शिंपिणीचं वाक्य अर्ध्यावर होतं. तिने ते पुरं केलं, पण पुरं करताना बघत होती त्याच्याकडे. किती वेळ, ते तिला कळलं नाही. बचावाच्या वकिलाने मात्र तिची नजर धरून मागे वळून पाहिलं, मग सावकाश पुढे वळला, आणि म्हणाला, "साक्षीदाराची उलटतपासणी उद्या घेऊ."

बाहेरच्या बोळात एक लाकडी बाक होता. तीळवाली शिपाई चार हात लांब उभी राहिली. हवालदार बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून.

"कुठे होतात?" तिने विचारलं.

"त्यांना मागे लावून बाजारातल्या चौकीत गेलो. मी आत गेलो, ते बाहेर थांबले. मग आमच्या लोकांनी त्यांनाही आत बोलावलं. एकाला यायचं नव्हतं, म्हणून बाही गेली."

"द्या, मी..." ती म्हणाली आणि थांबली.

"नको." तो हातातल्या, चौकीतून घेतलेल्या टोपीकडे बघत होता. "बाई, वकिलाने बघितलं."

"काय?"

"तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते." तो म्हणाला, "मीही बघितलं."

बोळात कुणी तरी फायलींचा गठ्ठा घेऊन गेलं. ते लांब गेल्यावर हवालदार बोलला.

"उद्या त्या वकिलाचा पहिला प्रश्न तोच असणार. हा हवालदार तुमचा कोण. तुम्ही अडखळलात की तो म्हणणार, खांदाबिंदा सगळं यानेच पढवलं. मग आजचं सगळं पाण्यात. त्या पहिल्या बाकावरच्या बाईचंही."

"मी शपथेवर खोटं बोलणार नाही. कुणासाठीच नाही."

"माहीत आहे मला. म्हणून तर आज दुपारपासून माझी ड्यूटी बदलून मागितलीय. दुसरं कुणी तरी येईल. मी तुम्हाला आजवर काही बोललो नाही, तुम्हीही मला काही बोलला नाहीत." तो उठला, टोपी डोक्यावर नीट बसवली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्यासमोर असा उभा राहिला की त्याची पाठ दाराकडे होती. "एक विनंती आहे. उद्या त्याने विचारलं, तर सांगा, कोणी नाही. आणि निकाल लागेपर्यंत ते खरं राहू द्या."