बिस्किटाच्या डब्यातली पोरं

निर्मळ गावचा ॲन्सेल्म बोटीवर भटारखान्यात कामाला होता. पन्नास सालच्या सुमाराची ही गोष्ट. बोटीवरची माणसं घरी येताना सेंट आणत, घड्याळं आणत. हा बाबा आणायचा फोटो, आणि तेही परक्या पोरांचे! एडनला कुणा साहेबाकडून त्याने जुना डबा-कॅमेरा घेतला होता. मोंबासा असो नाहीतर लिस्बन, बंदरात उतरला की हा गल्लीत शिरायचा, तोंड वेडंवाकडं करायचा आणि पोरं खदाखदा हसली की खटका दाबायचा. भाषेवाचून काय अडलंय! घरी बिस्किटाचा मोठा डबा अशा हसऱ्या पोरांनी भरला होता.

एकदा त्याची बायको पॉलिन डबा उपसत म्हणाली, "अख्ख्या दुनियेची पोरं हसवलीत. आपल्या ग्रेसीचा एक तरी हसरा फोटो आहे का यात?"

ते त्याला लागलं. सहा वर्षांच्या लेकीचे दोन फोटो होते, दोन्ही सुतकी चेहऱ्याचे. बाप वर्षातून एकदा घरी येणार, तोवर पोर वीतभर वाढलेली असायची. बोटीवर उशाशी ठेवायला तिचं हसू हवं, एवढंच त्याचं मागणं. उद्या सकाळी निघायचं होतं आणि रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

त्याने दोन वेण्या घातलेल्या ग्रेसीला केळीच्या बागेत उभं केलं. मग माकड झाला, कोंबडा झाला. कार्टी ढिम्म! हात जोडून, मान खाली घालून उभी.

"अगं, हस की!"

"फोटोत हसत नाहीत," ग्रेसी म्हणाली. "आजा गेला तेव्हा फोटोवाला आलेला. मी हसले तर आईने चिमटा काढला."

मयताला शवपेटीभोवती सगळं घर उभं करून फोटो काढायची गावाची रीतच होती. गेल्या वर्षीच्या त्या फोटोत सगळे होते, फक्त म्हाताऱ्याचा हा मुलगाच नव्हता. हा तेव्हा समुद्रावर.

त्याने कॅमेरा लेकीच्या हातात दिला. "मग तू काढ माझा. ऊन पाठीवर घे. त्या काचेत बघ, दिसतो का मी?"

ग्रेसीने वाकून पाहिलं. "अय्या! अंगठ्याएवढा पपा!" आणि पोरगी अशी हसत सुटली म्हणून सांगू! तिला बघून हाही पोट धरून हसला, आणि तिने खटका दाबला.

"घालवलात ना शेवटचा फोटो!" पॉलिनने कपाळाला हात लावला.

पुढच्या बंदरात रोल धुऊन आला. फोटोत ॲन्सेल्मचं अर्धं डोकं उडालं होतं, पण तोंडभर हसू होतं. पायाशी एक छोटी सावली पडली होती, दोन वेण्या वर उडालेली.

पुढे कितीतरी वर्षं बोटीवर कुणी लेकीचा फोटो मागितला, की तो हाच पुढे करायचा.

"अरे, हा तर तूच!"

"माझ्या तोंडाकडे नीट बघ ना," तो म्हणायचा. "कशी हसतेय ती!"