विहीणबाईंसाठी फुलदाणी

निवृत्त झाल्यावर मी खरादीकडे, म्हणजे कातकाम करणाऱ्या कारागिराकडे, लाकूड कातायला शिकायला लागले, तेव्हा आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीत ते कुणीच फारसं मनावर घेतलं नाही. सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेली, आता बाईंना जरा विरंगुळा हवा असेल, असा एकूण सूर होता. आमचे हे मात्र रोज दारात विचारायचे, "बोटं दहाच्या दहा परत आणलीस ना?"

माझे गुरू टावर चौकामागच्या गल्लीत बसतात. सत्तरी ओलांडलेले, किडकिडीत, पलंगाचे पाय आणि लाटणी कातून देणारे. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती पोळपाटाचा मोडलेला पाय बसवून घ्यायला, आणि तासभर तिथेच उभी राहिले. फिरणाऱ्या लाकडाला त्यांनी हत्यार लावलं की सालं अशी सुटत होती, जशी सराईत हाताने बटाट्याची सुटतात. मी म्हटलं, "मुझे सिखाओगे, भैया?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बहनजी, साड़ी में नहीं." दुसऱ्या दिवशी मी मुलीचा जुना सलवार-कुर्ता घालून हजर.

सहा महिन्यांत मी लाटणी केली, रवी केली, दिवा ठेवायची एक बैठक केली. सगळं भरीव. आणि मग एका रविवारी फोनवर मी विहीणबाईंशी बोलताना घोटाळा करून ठेवला.

आमच्या विहीणबाई साताऱ्याच्या. फार टापटिपीच्या, फार गोड आणि मला त्यांची थोडी भीतीच वाटायची. त्या म्हणाल्या, "मी आता भरतकामाचे वर्ग घेते. तुम्ही दिवसभर काय करता हो?" मी म्हणाले, "मी लाकडाच्या फुलदाण्या बनवते."

यांनी पेपर खाली केला.

"अय्या! मग मी पुढच्या महिन्यात महाकालाच्या दर्शनाला येतेच आहे. एक माझ्यासाठी ठेवा हं."

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "तुझी लाटणी बघितलीत मी. त्यात फुलं कुठे खोचायची?"

गुरुजींना सांगितलं तर ते हसलेच नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरले. म्हणाले, "बाहर का तो सब कर लेते हैं. अंदर आँख नहीं जाती, बहनजी. वहाँ कान से काम होता है." फुलदाणीचं तोंड अरुंद. हत्यार त्यातून आत घालायचं आणि न बघता पोट पोखरायचं. भिंत पातळ होत गेली की आवाज बारीक होतो, तो ओळखून थांबायचं.

आमच्या कॉलनीतल्या आंब्याची फांदी वादळात पडली होती. तिचा ओला ओंडका मी रिक्षातून नेला. बाहेरचा आकार छान उतरला, अगदी घाटदार. मग मधोमध ड्रिलने भोक पाडलं आणि टोकाशी आकड्यासारखं वाकलेलं लांब हत्यार आत घातलं. घातल्या घातल्या असा हिसका बसला की खांद्यापासून दातांपर्यंत सगळं खुळखुळलं. हळूहळू जमायला लागलं, पण दर दोन मिनिटांनी आतला भुसा गच्च भरायचा. मशीन थांबवून तो काढायला मी घरून लोणच्याचा लांब चमचा नेला होता. गुरुजींना धीर निघेना. त्यांनी हवेची नळी फुलदाणीत धरली आणि मी वाकलेली असतानाच खटका दाबला. सगळा ओला भुसा माझ्या तोंडावर. गल्लीतला चहावाला म्हणाला, "मैडम, होली हो गई?"

वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज मला फळ्याकडे तोंड करूनही ऐकू यायची. इथे मात्र सगळे आवाज एकसारखेच. गुरुजी म्हणाले, "बस, अब रुको." मला वाटलं, अजून एक हात. तो एक हात फिरला आणि फुलदाणीच्या पोटातून सरळ बाहेर भुसा उडायला लागला. मशीन थांबली. भिंतीला आरपार भोक, रुपयाएवढं.

गुरुजींनी त्यातून माझ्याकडे बघितलं. "हवादार बनी है."

दुसऱ्या वेळी भोक पडायच्या भीतीने मी इतक्या लवकर थांबले की फुलदाणी खलबत्त्याएवढी जड झाली. पण अखंड होती. गुरुजींनी ती भुशासकट कागदी पिशवीत बांधून दिली. "दो महीने हाथ मत लगाना. गीली लकड़ी है, आराम से सूखने दो." विहीणबाई आठ दिवसांनी येणार होत्या. मी ती तिसऱ्या दिवशी काढली, तेल लावलं आणि चमक यावी म्हणून चक्क गच्चीवर उन्हात ठेवली.

विहीणबाई आल्या. संध्याकाळी चहाबरोबर मी फुलदाणी पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, "किती सुबक! आणि पहिल्यापासून तुम्ही स्वतः?" म्हणाल्या आणि टेबलावर ठेवली. मी मान हलवत होते, तेवढ्यात फट्ट! गोळी सुटावी तसा आवाज. तोंडापासून बुडापर्यंत करंगळी जाईल एवढी चीर.

"दिवाळी लांब आहे अजून," हे म्हणाले.

लपवायला काही उरलंच नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. ही पहिलीच धड फुलदाणी, आधीची भोक पडून हवादार झाली, फोनवर नुसती फुशारकी मारली. विहीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"लग्नात मी तुम्हाला कशिद्याची चादर दिली होती. स्वतः भरली म्हणून सांगितलं होतं."

"हो. मी ती पाहुण्यांना दाखवते."

"विकत आणली होती. माझी मी उसवून बसले होते, तिसऱ्यांदा." आणि त्या हसायला लागल्या. चार वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. "तुम्ही गणिताच्या बाई, तुमचं सगळं बरोबरच येत असणार, म्हणून मी तुमच्याशी किती जपून बोलायचे हो!"

मी म्हटलं, "मीसुद्धा. तुमचा फोन आला की मी खुर्चीत सरळ बसते."

सकाळी राम घाटावर जाऊन आल्यावर त्या म्हणाल्या, "आता तुमच्या गुरुजींकडे." त्यांना माझा कुर्ता दंडात घट्ट बसत होता, तशाच आल्या. गुरुजींनी त्यांच्यासाठी शिसवीचा एक छोटा तुकडा लावला. पहिल्यांदा हत्यार लागलं तेव्हा विहीणबाईंनी डोळे मिटले आणि रामरक्षा सुरू केली. "आँख खोलो, बहनजी! भगवान बाद में!" गुरुजी ओरडले. पण अर्ध्या तासात त्यांनी भोवरा कातला. जरासा वाकडा, पण भोवरा.

घरी आल्यावर त्यांनी तो बैठकीच्या फरशीवर फिरवला. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून बघत होतो. तो डुगडुगत टीपॉयखाली गेला आणि तिथेच आडवा झाला.

"वीस सेकंद," यांनी घड्याळ बघून सांगितलं. "आता मला द्या."

विहीणबाईंनी दिला नाही.