म्हसोबाचा पेला

सरकारी नर्सला किस्से गोळा करावे लागत नाहीत, भिजलेल्या छत्र्यांसारखे ते आपोआप दाराशी साठतात. माझी ड्यूटी कामशेतच्या आसपास, साठ-सत्तरच्या काळात. दारूबंदी कागदावर आणि भट्ट्या ओढ्याकाठी! मी एकच सांगत फिरायची, "पोटुशी बाईनं थेंबसुद्धा घ्यायचा नाही."

मला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण बाळंतपणं मीच करत होते, आणि पिणाऱ्या आयांची काही बाळं कशी निघतात ते दिसत होतं. ठाकरवाडीच्या सखूचा बाब्या त्यातलाच. जन्मतः बारका, पाच वर्षांचा झाला तरी दोन शब्द धड जोडता येईनात. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सखूनं विचारलं, "बाई, माज्यामुळं झालं का वो?"

"तुला कुणी सांगितलं होतं का?"

"न्हाई."

"मग तुझा दोष नाही. आता मी सांगतेय."

"मंग ह्या बाळाला थेंब न्हाई," सखू म्हणाली.

*

पहिली सभा मारुतीच्या देवळात. बायका कोपऱ्यात, पुरुष ऐसपैस पुढं. एक जण ओरडला, "बाई, आमची दारू सोडवाया आलाय व्हय?"

"तुम्ही प्या नाहीतर अंघोळ करा! तुमच्या पोटात कुणी वाढत नाही!"

त्या दिवशी बायका पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

*

लोणावळ्याच्या एका बंगल्यातल्या बाईसाहेबांना सातवा महिना होता. रोज जेवणाआधी 'टॉनिक' म्हणून वाइन! मी बोलले तर म्हणाल्या, "सिस्टर, आमची परमिटची असते."

"बाळाला परमिट वाचता येत नाही, बाईसाहेब."

माझ्याविरुद्ध वर कंप्लेंट गेली. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले.

*

भट्टीवाल्या गंगूमावशीनं मला रस्त्यात अडवलं. "माजं गिऱ्हाईक तोडता व्हय?"

"पोटुश्या तेवढ्या सोड, मावशी."

"मला काय ठावं कोन पोटुशी?"

पण मावशी मनाची सरळ. येईल त्या बाईला चारचौघांत विचारायला लागली, "म्हैना चुकला का गं?" अगदी विधवांनासुद्धा! महिनाभरात बायकांनी तिकडं फिरकणंच सोडलं. मावशी मला शिव्या घालायची, पण विचारायचं काही सोडलं नाही.

*

खरी लढाई भातलावणीत. दुपारनंतर मालक सगळ्यांना दारूचा पेला द्यायचा, थंडी मारायला. नको म्हणणं म्हणजे मालकाचा अपमान, आणि उद्यापासून काम बंद. सखू वडिवळ्याच्या आबांच्या शेतावर होती. तिनं पेला घेतला, बांधावरच्या म्हसोबाजवळ गेली आणि सगळा त्याच्यावर ओतला. "देवा, माजा वाटा तुला."

आबा गरजले, "ह्यो काय परकार?"

"आबा, देवाचं तोंड मी धरू का?"

दुसऱ्या दिवशी आणखी दोन पोटुश्या तिच्यामागं गेल्या. नंतर एक जण पोटुशी नसतानाही गेली. आबा मला म्हणाले, "बाई, यंदा म्हसोबाच लय पितुया!"

*

पुढच्या वर्षीची लावणी. सखूची पोर आंब्याखाली झोळीत, वर इरल्याचा आडोसा. पोरगी अशी ठणठणीत की तिचं रडणं पलीकडच्या खाचरात ऐकू जायचं. बाब्या मन लावून झोळी हलवत होता.

त्या साली आबांच्या सूनबाईला पाचवा महिना. सासू रोज संध्याकाळी तिला घोटभर दारू पाजायची, "बाळाला ऊब ऱ्हाती." मी त्या घरी बोलायला गेले तर मला दारातूनच परत पाठवलं होतं.

मी पोरीला बघायला बांधावर आले होते, तेवढ्यात सूनबाई भाकऱ्यांची पाटी घेऊन आली. झोळीपाशी थांबली. पोरीनं तिचं बोट पकडलं ते सोडेचना. बऱ्याच वेळानं तिनं बोट सोडवलं, भाकऱ्यांखालून घरातली अख्खी बाटली काढली आणि म्हसोबावर उपडी केली.

"देवा, माजा बी वाटा."

लावणी थांबली. आबा काठी घेऊन उठले. सखू चिखलातून वर आली आणि सूनबाईच्या शेजारी उभी राहिली. तिच्यामागं बाकीच्या बायका. झोळीतली पोर तेवढी बोंबलत होती.

आबांनी झोळीकडं पाहिलं, बाब्याकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. मग काठी खाली ठेवून स्वतःचा भरलेला पेला उचलला आणि सखूपुढं धरला.

"ह्यो बी वत."