मोल्ड गरम ठेवायचा

त्या गुरुवारी माझी बायको गेली. त्याच आठवड्यात कारखान्यात तिच्या मशीनवरचं तापमान बदललं.

चेन्नईजवळ गुम्मिडिपूंडीच्या एकाच कारखान्यात आम्ही होतो. ती मोल्डिंगला, मी तपासणीला. तिच्या मशीनवर प्लास्टिकचे छोटे पांढरे गिअर निघत. मोल्ड, म्हणजे गिअरचा साचा, गरम ठेवायचा, हा तिचा हट्ट. वितळलेलं प्लास्टिक सावकाश निवलं, तर त्याच्या आतल्या लांब साखळ्यांना नीट रांगा धरायला वेळ मिळतो, स्फटिक तयार होतात, गिअर टणक होतो. कामगारांना ती सांगायची, "लग्नात जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढच्या पंगतीची माणसं येऊन उभी राहतात ना, तसं मशीनमागे उभं राहू नका. जेवू द्या त्याला."

तेरावं उरकून परतलो, तेव्हा मोल्डमधून थंड पाणी फिरत होतं. प्रॉडक्शन मॅनेजर खुशीत होते.

"सार, गिअर आता भराभर निघतात. निवायला काय मुहूर्त लागतो?"

मी म्हणालो, घाईत गोठलेल्या साखळ्या विस्कटलेल्याच राहतात. पुढे उष्णता लागली की त्या उरलेल्या रांगा धरतात आणि गिअर आकसतो.

"पण आल्यावर तुम्हीच मापलेत. पास झाले."

झाले होते. एसीच्या खोलीत, काढल्या दिवशी मापले की सगळेच पास होतात. मग ते मे महिनाभर पत्र्याच्या गोदामात पडले, आणि गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर मधलं भोक आकसल्यामुळे दांड्यावर बसेनात. पेट्या परत आल्या. आता तरी मोल्ड तापवतील असं मला वाटलं. मॅनेजरांनी मोल्डमधली खीळच जाड करून घेतली, म्हणजे भोक मुळातच मोठं पडावं.

"आता आकसू दे, सार, किती आकसायचं ते."

"आणि दात? ते लवकर झिजतील."

"वॉरंटी संपल्यावर झिजू देत की."

मीटिंगमध्ये मी पुन्हा तापमानाचा विषय काढला. मॅनेजरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मॅडमची आठवण आम्हालाही येते, सार."

मी प्लास्टिकबद्दल बोलत होतो. पण त्यानंतर मी काहीही बोललो तरी ते दुःखच ठरणार होतं. मी कागद आवरले.

मोल्ड अजून थंडच चालतो. तिच्या वेळचा एक गिअर माझ्या टेबलावर आहे. दांड्यावर तो अजूनही बसतो.