डाव्या हाताची टीचर

टीचर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बदलापूरला कात्रपच्या घरात कीबोर्डपुढे बसून एका गाण्याची शेवटची ओळ डाव्या हाताने घोटत होतो. आमचा फोन खालच्या किराणावाल्याकडे येतो. त्याचा माणूस दारात येऊन म्हणाला, "आजोबा, अंबरनाथवरून फोन आहे, बाई रडतायत." फोनवर टीचरची भाची रीटा होती. "अंकल, आंटी गेली... सकाळी चहा पिता पिता गेली." एवढंच बोलली. मी वर आलो, पुन्हा कीबोर्डपुढे बसलो आणि ती ओळ सुरुवातीपासून हळूहळू पुरी केली. बायको म्हणाली, "अहो, असं काय करताय? उठा, कपडे बदला." मी म्हटलं, "शांते, ओळ अर्धी टाकून उठलेलं टीचरला चालत नाही." ओळ पुरी केली, मग उठलो.

त्याला आता महिना उलटून गेला. पेपरच्या पुरवणीत मोठमोठ्या लोकांवर लिहून येतं, आमच्या फिलोमिना टीचरवर कोण लिहिणार? मी चौथी शिकलेला माणूस. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी नीट लिहून देते." मी म्हटलं, हात लावू नकोस, टीचर माझी होती, लिहीन पण मीच. टीचरने मला प्रत्येक गाणं शेवटाकडून शिकवलं. आधी शेवटची ओळ, ती बसली की तिच्या आधीची, मग त्याच्याही आधीची. ती म्हणायची, "मास्तर, म्हणजे पुढे पुढे जाल तसा ओळखीचा रस्ता लागतो. सुरुवातीपासून शिकणारा पुढे पुढे जातो तसा घाबरत जातो." म्हणून मीसुद्धा शेवट आधी सांगून टाकला. आता मागे जातो.

मी पेटीवाला. बदलापूर गावातल्या आमच्या विहाराच्या गायन पार्टीत लहानपणापासून बसलो, कोणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून हात तयार झाला. कल्याणपासून कर्जतपर्यंत माझ्यासारखी जलद पेटी दुसरी नव्हती, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन. दिवसा अंबरनाथला कारखान्यात पॅकिंगला आणि लगीनसराईत उल्हासनगरच्या वासुभाईंच्या ऑर्केस्ट्रात. वासुभाई सिंधी माणूस, कॅम्प नंबर तीनला खाली त्यांचं कापडाचं दुकान, वर माळ्यावर आमची रिहर्सल. सगळे मला पेटीमास्तर म्हणायचे आणि स्टेजवर गायकाच्या उजव्या हाताची खुर्ची माझी. ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं गेली असतील, एक दिवस माळ्यावर चढतो तर माझ्या खुर्चीपुढे एक काळं, चपटं, वायरवालं वाद्य. विकी नावाचा विठ्ठलवाडीचा तरुण त्यावर दोन्ही हातांनी धडाधडा वाजवतोय.

वासुभाई म्हणाले, "साईं, नाराज मत हो. पब्लिक को अभी ये आवाज मंगता है. पेटी भजन में अच्छी लगती है."

मी म्हटलं, "मग मी हे वाजवीन."

विकी हसला. "अंकल, इसमें दोनों हाथ लगते हैं. हवा नहीं मारने की."

"दिसतंय मला," मी म्हटलं. "वासुभाई, तुळशीचं लग्न लागेपर्यंत खुर्ची माझी धरून ठेवा. पावसाळ्यात तसंही आपलं काम बंद. सीझनला मी दोन्ही हातांनी वाजवून दाखवतो. नाही जमलं तर ही पायरी पुन्हा चढणार नाही."

वासुभाईंनी मान हलवली. मी शब्द देऊन बसलो होतो. माझ्या दृष्टीने ती खुर्ची म्हणजे माझं नाव होतं. कारखान्यात मला नंबराने ओळखायचे.

कारखान्यातल्या एका फोरमनने टीचरचं घर दाखवलं. अंबरनाथला पूर्वेला, तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेर जांभळाचं झाड. टीचर वसईकडची, लग्न केलेलं नव्हतं, चर्चमध्ये वाजवायची आणि घरी मुलांना शिकवायची. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून उभा पियानो. तो वडिलांनी कोण्या साहेबाकडून घेतलेला. मी गेलो तेव्हा पियानोच्या खालच्या फळीच्या फटीतून उजेड येत होता. मला वाटलं, आत काहीतरी जळतंय. टीचर म्हणाली, "बल्ब आहे. पावसाळ्यात त्याला ओल लागते, पट्ट्या फुगतात. म्हणून आत बल्ब लावून ठेवते. म्हाताऱ्या माणसाला शेकोटी देतात तसं." मग म्हणाली, "बसा. काय येतं ते वाजवा."

मी बसलो आणि माझी सगळ्यात जलद चाल उजव्या हाताने सोडली. मनात म्हटलं, बघ म्हणावं. वाजवून वर बघतो तर टीचर चष्मा काढून डोळे पुसतेय. मला वाटलं, भारावली. ती हसत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचा डावा हात कोणाला वारा घालतोय?"

मी खाली बघितलं. माझा डावा हात हवेत पुढे-मागे, पुढे-मागे चालू होता. भाता नव्हता तरी भाता मारत होता! तीस-पस्तीस वर्षं पेटी वाजवली, उजवा हात वाजवणार आणि डावा हात हवा भरणार, हे त्या हातांनी आपापसात ठरवूनच टाकलं होतं. मी छत्री उचलली आणि उठलो. टीचर शांतपणे म्हणाली, "राग आलाय ना? बरं झालं. राग आलेला माणूस दुसऱ्या दिवशी नक्की येतो." मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो.

तिने उजवा हात मांडीवर ठेवायला लावला. म्हणाली, त्याची सुट्टी. फक्त डावा. तेही चार-पाच सूर, तेही असे हळू की ऐकणाऱ्याला जांभई यावी. ती बाजूला वेताच्या खुर्चीवर सुपात लसूण घेऊन बसायची. माझ्याकडे बघायचीही नाही, सोलत राहायची. लसणाच्या सालीचा चुरचुर आवाज थांबला की समजायचं, आपलं मनगट कडक झालं. मग ती उठायची, माझ्या मनगटाखाली दोन बोटं घालून हात वर उचलायची आणि बोटं काढून घ्यायची. हात धपकन खाली पडला तर ठीक. हवेत तसाच राहिला तर म्हणायची, "बघा, कोण धरून ठेवतोय त्याला? मी तर सोडला." माझा हात कितीतरी आठवडे हवेतच राहायचा. मला तो माझा हात आहे असं वाटायचंच नाही.

घरी पियानो कुठला? मी पोळपाटावर खडूने पट्ट्या आखल्या आणि कामावरून आल्यावर त्यावर बोटं चालवायचो. शांता म्हणायची, "हे वाद्य बरं आहे हो, शेजाऱ्यांना त्रास नाही. पण आता द्या इकडे, पोळ्या लाटायच्यात." पोळीवर खडूचा डाग आला की पोरं म्हणायची, "आज बाबांचं गाणं खाल्लं."

माझी एक खोड होती. कारखान्यात किती डबे भरले त्याच्यावर माणसाची किंमत. मी इथेही तेच केलं. पियानोच्या झाकणावर काडेपेटीतल्या काड्या मांडायच्या, एकदा वाजवलं की एक काडी इकडून तिकडे. सगळ्या काड्या तिकडे गेल्या की मी छाती काढून बघायचो. टीचरने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या काड्या मुठीत गोळा केल्या आणि स्वयंपाकघरात नेल्या. "ह्या चहाला लागतील," तिथून ओरडली. बाहेर येऊन म्हणाली, "मास्तर, पहिल्या वेळी तुमचं तिसरं बोट चुकलं. मग तीच चूक तुम्ही प्रत्येक काडीला केलीत. हाताला काय कळतं, चूक कुठली आणि बरोबर कुठलं? तुम्ही द्याल ते तो ठेवून घेतो. किती वेळा वाजवलं ते मला नको. ज्या चालीत चूक होत नाही, त्या चालीत वाजवा. आणि थकलात की उठा."

हे मला पटलं नाही. मी हट्टी माणूस. गणपती झाले, नवरात्र जवळ आलं, खुर्ची डोळ्यांसमोर दिसायला लागली आणि एक दिवस मी तिच्यासमोर दोन्ही हात एकत्र करून वेगात गाणं हाणलं. मध्येच डावा हात भाता मारायला निघून गेला. टीचरने पियानोचं झाकण लावलं, अगदी हळू, माझी बोटं सांभाळून. "आज घरी जा." मी म्हटलं, "तुम्हाला ऑर्केस्ट्रा काय समजणार? चर्चमध्ये लोक झोपायला येतात." ती म्हणाली, "झोपू देत. मी चुकले की जागे होतात."

मी जायचंच बंद केलं. म्हटलं, गेली खुर्ची उडत.

त्याच दिवसांत विहारात एका बारशाला गायन होतं. मी पेटी घेऊन बसलो, गाणं सुरू झालं आणि मलाच काहीतरी वेगळं लागलं. डावा हात भात्यावर नुसता ठेवल्यासारखा होता. हवा सारखी येत होती, धक्के नव्हते, सूर लांबच लांब चालला होता. आमचे जुने गायक नामदेवकाका गाणं संपल्यावर माझ्याकडे वळले. "काय रं, नवी पेटी घेतली का?"

"जुनीच हाय की."

"मग तिला काय झालं? आज लय गोड बोलली."

मी पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटलो तो सरळ टीचरकडे. माफी मागितली नाही, ती मला येत नाही. तिने वेताची खुर्ची ओढली, सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "शेवटच्या ओळीपासून."

तुळशीचं लग्न लागलं आणि मी वासुभाईंच्या माळ्यावर गेलो. सगळी मंडळी जमलेली. मी एक संथ, दुःखाचं गाणं निवडलं आणि माझ्या चालीत, दोन्ही हातांनी, पुरं वाजवलं. डावा हात कुठेही गेला नाही. संपल्यावर वासुभाई नाक पुसत होते. मग धंदा आठवला. म्हणाले, "साईं, बढिया है. लेकिन स्पीड किधर है? बारात में नाचेंगे कैसे?"

मी म्हटलं, "नाचायचं ते विकीवर नाचा. रडायचं ते माझ्याकडे द्या."

माळ्यावरचे सगळे हसले. पण तसंच ठरलं. नाचाची गाणी विकीची, दर्दवाली माझी. खुर्ची राहिली. पुढे विकी स्वतःच विचारायला लागला, "अंकल, वो हाथ ढीला कैसे रखते हो?" मी त्याच्या मनगटाखाली बोटं घालून दाखवायचो. नव्वदीनंतर काही वर्षांनी मी ऑर्केस्ट्रा सोडला तो माझ्या मर्जीने, कोणी उठवलं म्हणून नाही.

टीचरकडे जाणं मात्र सोडलं नाही. रविवारी ती चर्चमधून आली की मी जायचो. वाजवायचो, ती लसूण सोलायची, चहा व्हायचा. कधी हळूच "हं" म्हणायची. त्या एका "हं"साठी मी कात्रपवरून जायचो. आम्ही दोघांनी मोठंसं काही केलं नाही, पण ते रविवार चांगले गेले...

गेल्या वर्षी टीचरची डावी बाजू लकव्याने गेली. वसईहून रीटा येऊन राहिली. मी भेटायला गेलो तर टीचर खुर्चीत, डावा हात मांडीवर ठेवलेला. मी शेजारी जाऊन बसलो. तीच म्हणाली, "बघा मास्तर, आता माझा हात. उचलला तर कसा धपकन पडतो... एकदम करेक्ट." आणि हसली. मला हसू आलं नाही. मग म्हणाली, "मला पियानोजवळ न्या." रीटाने आणि मी नेलं. तिने उजव्या हाताची दोन बोटं माझ्या डाव्या मनगटाखाली घातली, उचललं, सोडलं. हात पडला. "हं," म्हणाली. तिने उजव्या हाताने तिचं चर्चमधलं एक गाणं सुरू केलं, मी डाव्या हाताने खालचे सूर धरले. तिची चाल संथ, माझीही संथ. माझा उजवा हात मांडीवर होता, त्याची सुट्टी होती. त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघं मिळून एक माणूस वाजवतो तेवढं वाजवायचो. ज्या हाताला ती पहिल्या दिवशी हसली होती, तो हात तिला कामाला आला, ह्याच्यापेक्षा मला आयुष्यात जास्त काही नको.

पियानो अजून तिथेच आहे. रीटा म्हणाली, "अंकल, विकायचा नाही, तुम्ही येत राहा." यंदाचा पावसाळा सुरू झालाय, मी जाऊन आतला बल्ब लावून आलो. मागच्या रविवारी बसलो, उजव्या हाताने डावं मनगट उचललं, सोडलं, पडलं. मग शेवटच्या ओळीपासून टीचरचं गाणं वाजवलं, फक्त डाव्या हाताने. वेताच्या खुर्चीवर रीटा लसूण सोलत होती. म्हणाली, "अंकल, उजवा हात का नाही वाजवत? येतो ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "येतो की. पण तो टीचरचा आहे."

मी पुन्हा शेवटची ओळ डाव्या हाताने धरली. रीटाच्या हातातला लसूण थांबला नाही, चुरचुर चालूच राहिली. म्हणजे मनगट ढिलं होतं.