शेपटीची बिजागरी

बडोद्यात वारा नाही, असं मला सगळ्यांत आधी बाबांनीच ऐकवलं. वारा आहे. उन्हाळ्यात दुपार कलली की तो गच्चीवर येतो. दोन उन्हाळे कठड्याला मोजणीचं यंत्र बांधून रोजचे आकडे मी वहीत उतरवले होते. ती वही कुणी उघडून पाहिली नाही. वारा नाही, हे मात्र अख्ख्या सोसायटीला पाठ होतं.

तरीही मी पवनचक्की केलीच. वीस वर्षं कारखान्यात कंट्रोल पॅनेल जोडते आहे, तारांना घाबरत नाही. भंगारवाल्याकडून इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली मोटर आणली. ती उलटी फिरवली की वीज देते. सहा इंची पाइप कापून पाती काढली. सात वाया गेली, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन सारख्या वजनाची भरली. बाबा खुर्चीत बसून बघत असायचे. ते प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून माझ्याकडेच राहतात. चांगले कारागीर, यात शंका नाही, आणि तीच तर गोची होती.

चक्कीला मागे शेपटी असते. साध्या वाऱ्यात ती पंख्याला वाऱ्याच्या तोंडी धरते. वारा पिसाळला की तिने बिजागरीवर दुमडायचं असतं, म्हणजे पंखा तिरका होतो आणि त्याचा वेग उतरतो. त्यासाठी बिजागरी मोकळी हवी. ती किती तिरपी, किती मोकळी, यावर मी तीन महिने घालवले होते. सगळ्या चक्कीत माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

एका शनिवारी खांब गच्चीवर आडवा ठेवून मी कामावर गेले. बाबांना म्हटलं, "तेवढा रंग मारून ठेवाल का?" संध्याकाळी आले तर सगळं लालभडक चकाचक. आम्ही दोघांनी खांब उभा केला. शेपटी हलवून बघायला हवी होती. नाही बघितली. त्याचा राग माझा माझ्यावर आहे, तो मी इतरांना वाटत नाही.

आठ दिवस जिन्यातला दिवा चक्कीवर जळला. नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, धुळीचं वादळ उठलं. मी गच्चीवर धावले. पंखा वाऱ्याच्या तोंडीच उभा होता आणि किंचाळत होता. शेपटी जागची हलत नव्हती. ब्रेकची कळ दाबायच्या आत एक पातं सुटलं आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत घुसलं. दहा मिनिटांपूर्वी त्याच टाकीशेजारी खालच्या काकू आपले पापड गोळा करत होत्या.

वादळ ओसरल्यावर गच्ची माणसांनी भरली. सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "बेन, आवा अखतरा रेवा दो." प्रयोग पुरे, असं. कुणी म्हणालं, नट ढिले राहिले असतील. कुणी म्हणालं, बायकांचा हात. मी बिजागरीपाशी बसले होते. लाल रंगाखाली वेल्डिंगचे दोन टाके होते, एकसारखे, सुबक. असे टाके मी लहानपणापासून आमच्या खिडकीच्या जाळीवर, लोखंडी खाटेच्या पायांवर बघत आले आहे. मी मान वर करून बाबांकडे पाहिलं. बाबा टाकीकडे बघत राहिले.

घरात आल्यावर माझा तोल गेला.

"तुम्ही ती जाम केलीत!"

"खुळखुळत होती," बाबा म्हणाले. "आमच्याकडे वर्कशॉपात रेल्वेच्या डब्याखाली असं काही सापडलं की टाका मारूनच पुढे जायचं."

"मला विचारायचं तरी!"

"त्यात विचारायचं काय?"

इतक्या सहज म्हणाले. टाक्यांचं मी सोडून दिलं असतं. पण काकूंचं डोकं फुटता फुटता वाचलं, आणि सगळ्या गच्चीने त्याचं खापर माझ्यावर फोडलं तेव्हा हे तोंड मिटून उभे राहिले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढलं, पाणी ठेवलं, बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "शर्ट घाला. सेक्रेटरींकडे जायचंय. तिथे तुम्ही सांगायचं."

त्यांनी शर्ट घातला. दार उघडताच, चपला न काढता, उभ्याउभ्याच म्हणाले, "मशीन बराबर हतुं. में बगाड्युं." यंत्र ठीक होतं, मीच बिघडवलं, असं.

सेक्रेटरी हसले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दीकरीने बचावो छो ने, काका?"

लेकीला पाठीशी घालताय ना! बाबांनी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. हाताने बिजागरी करून दाखवली, टाका कुठे मारला तेही दाखवलं. सेक्रेटरी मान डोलवत राहिले. आतून त्यांच्या बायकोने चहा आणला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, नशीबवान आहेस, असे वडील सगळ्यांना मिळत नाहीत. मी चहा तसाच ठेवून उठले.

जिना उतरताना बाबा मध्येच थांबले. कठड्याला धरून म्हणाले, "मी स्वतः सांगतोय, तरी हा माणूस ऐकून घेत नाही. तुझ्याशी लोक असंच वागतात?"

मी दोन पायऱ्या खाली होते. वळून म्हटलं, "तुम्ही काय वेगळं वागलात?"