बाबांच्या बेलबॉटमची चेन

मंडळी, बेलबॉटमच्या खालच्या काठाले आतून चेन शिवून घ्यायचे, आठवते का कोणाले? कापड रस्त्यावर घासून फाटू नये म्हणून. आमच्या सिंदीत तर ती फॅशनच होती म्हणे.

आज कॉलेजच्या कार्यक्रमासाठी माझ्या पोरीनं पेटीतली बाबांची बेलबॉटम घातली. बाबाले जाऊन लय वर्षं झाली. ती चालली अन् फरशीवर चेन खरखरली.

स्वयंपाकघरातून आई बोलली, "आले काय जी? चहा मांडू?"

मग तिच्या लक्षात आलं. बाहेर येऊन ती पोरीकडे पाहून हसली, खुर्चीवर बसली.

"अजून एक चक्कर मार बाई," म्हणाली, अन् डोळे मिटून घेतले.

कार्यक्रमाची वेळ झाली, तरी पोरगी चालूनच राह्यली. तिले थांब म्हणायची माझी हिंमत नाई झाली. तुमची झाली असती काय?